ओल्या वाटेवरचे चाक

सदर : आचार आणि आसमंत



श्रावण सरत आला आहे. पर्युषणाची चाहूल घरोघरी लागली आहे. उपाश्रयांत आणि मंदिरांत प्रवचनांची गर्दी वाढते आहे, आणि वाशीच्या दाणा बाजारातील मंडळी संध्याकाळी थोडी लवकरच दुकाने आवरू लागली आहेत. कारण चौविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तापूर्वी घर गाठायचे असते. अशा दिवसांत या सदरात तप, त्याग, क्षमा यांविषयी लिहावे, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. आज मात्र मी सायकलविषयी लिहिणार आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा. विषय शेवटी तेथेच येऊन पोहोचतो.

माझा पुतण्या वडिलांबरोबर मसाला बाजारातील पेढी सांभाळतो. आठवड्याचे सहा दिवस हळद, धणे आणि मिरचीच्या पोत्यांत जातात. रविवार मात्र त्याचा स्वतःचा. दोन वर्षांपूर्वी त्याने जाड टायरांची, पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घेतली. पहाटे चार-पाच मित्र जमतात, आणि खारघरच्या डोंगरावर किंवा पारसिकच्या रांगेतील पाऊलवाटांवर जाऊन येतात. त्याचे पोट कमी झाले, झोप सुधारली, मोबाइल हातातून सुटला. घरातील सर्वांनाच या छंदाचे कौतुक होते.

आषाढातील एका रविवारी तो डोंगरावरून परतला आणि इमारतीच्या पार्किंगमध्ये पाण्याची नळी लावून सायकल धुऊ लागला. माझ्या मातोश्री तेथेच बाकावर बसल्या होत्या.

“ही माती कुठली रे?” त्यांनी विचारले.

“खारघरच्या डोंगरातली, आजी. आज काय चिखल होता! मजा आली.”

मातोश्री उठल्या, चष्मा सावरीत जवळ गेल्या. टायरच्या खाचांत लाल माती घट्ट बसली होती. त्या मातीत एक अर्धवट तुटलेले गांडूळ होते, अजून हलत असलेले. आणि एका लहानशा गोगलगाईच्या शंखाचा चुरा होता. त्या काहीच रागावल्या नाहीत. “संध्याकाळी प्रतिक्रमणाला माझ्याजवळ बस,” एवढेच म्हणाल्या.

तो बसला. मातोश्रींनी नेहमीप्रमाणे इरियावहिया सूत्र म्हटले. लहानपणी पाठशाळेत त्यानेही ते पाठ केले होते; परंतु पाठ असलेल्या गोष्टीचा अर्थ विचारण्याची आपल्याला सवय नसते. त्या दिवशी त्याने प्रथमच विचारले, “काका, यात नक्की काय म्हटले आहे?”

मी सांगितले. जाता-येता आपल्या पायांखाली जे जे चिरडले गेले, त्याची ती यादी आहे. त्यात जीवजंतू आहेत, बीज आहे, हिरवे गवत आहे, दव आहे, किड्यामुंग्यांची बिळे आहेत, शेवाळ आहे, पाणी आणि माती मिळून झालेला चिखल आहे, कोळ्यांची जाळी आहेत. पुढे त्या जीवांना कोणकोणत्या प्रकारे पीडा झाली, तेही मोजून सांगितले आहे. त्यांना ठोकरले, धुळीने झाकले, जमिनीवर घासले, एकमेकांवर लोटले, आणि एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकले, हेसुद्धा त्यात येते.

पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, ही तर पावसानंतरच्या आमच्या ट्रेलचीच यादी आहे.”

त्याचे म्हणणे खरे होते. दिगंबर परंपरेतही ईर्यापथशुद्धीचा पाठ आहे, आणि त्याचा आशय हाच आहे. चालणे हे आपल्या आचारशास्त्रात साधे कृत्य मानलेलेच नाही. साधूंच्या पाच समित्यांत पहिली समिती ईर्यासमिती. म्हणजे चार हात पुढची जमीन न्याहाळत, सावकाश पाऊल टाकणे. आता चार हातांचे अंतर म्हणजे सुमारे दोन मीटरही नव्हे. उतारावर ताशी वीस किलोमीटर वेगाने निघालेली सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. ज्या अंतरात पाहायचे, ते अंतर पाहण्यापूर्वीच मागे पडते. म्हणून सायकलस्वाराला ईर्यासमिती वाटेवर असताना पाळता येत नाही. ती घरातून निघण्यापूर्वीच पाळावी लागते. आज निघायचे की नाही, आणि कोणत्या वाटेने निघायचे, हा निर्णय हीच त्याची ईर्यासमिती.

हा निर्णय कसा घ्यावा, याचे उत्तर मला आचारांगसूत्रात सापडले, तेव्हा मी स्वतः चकित झालो. या आगमाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात ईर्येविषयी स्वतंत्र अध्ययन आहे. पावसाळा लागला, पुष्कळ जीव उत्पन्न झाले, बिया अंकुरल्या, वाटा वापरात नसल्यामुळे ओळखू येईनाशा झाल्या, की भिक्षूने गावोगाव फिरणे थांबवावे, असे त्यात सांगितले आहे. हे आपल्याला ठाऊकच असते. चातुर्मास म्हणजे तेच. मला विशेष वाटली ती पुढची सूचना. चार महिने संपले, हेमंत ऋतूचे पाच-दहा दिवसही गेले, पण वाटेवर अजून जीवजंतू पुष्कळ आहेत आणि लोकांची ये-जा सुरू झालेली नाही, तर भिक्षूने तेव्हाही निघू नये. म्हणजे तिथी ही किमान मर्यादा आहे. अंतिम आज्ञा वाटेची आहे.

त्याच अध्ययनात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. चिखलाने भरलेले पाय गवताला पुसले जावेत, म्हणून भिक्षूने वाट सोडून गवत तुडवीत जाऊ नये. डोंगरवाटांची निगा राखणारी माणसे आज जगभर नेमकी हीच तक्रार करीत असतात. वाटेत डबके आले की प्रत्येक जण कडेच्या गवतावरून जातो. गवत मरते, तेथेही चिखल होतो. पुढचा माणूस आणखी कडेने जातो. आणि एका हंगामात दोन फुटांची पाऊलवाट दहा फुटांचा चिखलपट्टा होऊन बसते.

माउंटन बाइकचा हा खेळ तसा नवा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यातील डोंगरांवर, काही तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली घेऊन उतारावरून सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी ‘रिपॅक’ नावाची पहिली शर्यत घेतली. उतार इतका तीव्र होता की मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून हे नाव. खेळ पसरला, तशा पायी फिरणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि वाटा सायकलींना बंद होऊ लागल्या. तेव्हा १९८८ मध्ये सायकलस्वारांनीच एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन करून स्वतःवर नियम घालून घेतले. खुल्या असलेल्या वाटेवरूनच जावे, मागे खूण ठेवू नये, सायकल ताब्यात ठेवावी, पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यावी, प्राण्यांना घाबरवू नये, पूर्वतयारी करून निघावे. त्यांच्या आणि आपल्या दृष्टीत अंतर आहे. त्यांना वाट वाचवायची आहे. आपल्याला वाटेवरचे जीवही वाचवायचे आहेत. पण दोन्ही विचार ओल्या जमिनीपाशी येऊन एकत्र थांबतात.

ओल्या वाटेवरून सायकल गेल्यास नेमके काय बिघडते, ते समजून घेतले पाहिजे. आपले डोंगर काळ्या बेसाल्ट खडकाचे आहेत. त्यावर मुरूम आणि लाल मातीचा थर असतो, आणि उतारावर तो फार पातळ असतो. कोरडी माती भार सहन करते. अशा वाटेवर माणसाचे पाऊल आणि सायकलचे चाक यांत फारसा भेद नसतो. परंतु मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की माती मऊ होते, चाक रुतते आणि मागे चाकोरी उमटते. पावलाचा ठसा हा एकेक सुटा खळगा असतो, त्यात पाणी साचून राहते. चाकोरी ही अखंड रेघ असते, आणि उतारावरची अखंड रेघ म्हणजे पाण्यासाठी खणलेला पाटच. पुढच्या सरीचे पाणी त्या पाटातून धावते, बारीक माती वाहून नेते, पाट खोल करते. खोल पाटात आणखी पाणी येते. मागचा ब्रेक दाबून चाक घसरवीत नेले तर हे काम अधिकच लवकर होते. काही वर्षांत वाटेच्या जागी दगडगोट्यांची घळ उरते. मुंबईच्या वेधशाळांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीने दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. इतक्या पाण्याला एवढीशी रेघही पुरते.

आपल्या व्यापारी भाषेत सांगायचे, तर ती माती हे मूळ भांडवल आहे. कोरड्या ऋतूत आपण व्याज खातो. पावसाळ्यात खाल्ले, की मुद्दल जाते.

पुढच्या आठवड्यात, पाऊस उघडल्यावर, पुतण्याला घेऊन मी खारघरच्या डोंगरावर गेलो. डोंगरावरील फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी पाड्यांपर्यंत डांबरी रस्ता गेलेला आहे. पहाटे फिरायला जाणाऱ्यांचा तो आवडता रस्ता. आम्ही पायीच चढलो. एका वळणावर रस्त्यातून फुटणारी पाऊलवाट पुतण्याने मला दाखवली. तेथे पाच-सहा चाकोऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. काहींतून अजून पाणी झुळझुळत होते. त्या पाण्याला लाल रंग होता.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक आजीबाई त्याच वाटेने वर आली. चाकोरी टाळण्यासाठी ती बाजूच्या दगडांवर एकेक पाय जपून ठेवीत होती. आम्ही बाजूला झालो. पुतण्याने विचारले, “आजी, ही वाट नेहमीच अशी असते का?”

“आधी नव्हती, दादा,” ती म्हणाली. “सायकली येतात ना सुट्टीला. तुम्ही जाता घरी. आम्हाला रोज याच वाटेनं यायचं.”

ती तक्रारीच्या सुरात बोलली नव्हती. कदाचित म्हणूनच ते लागले. ज्याला आपण ट्रेल म्हणतो, ती कोणाची तरी रोजची वाट आहे, हा विचार पुतण्याच्या मनात आला नव्हता. आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात आला नव्हता. गांडुळाविषयी आम्ही आठवडाभर बोललो होतो. त्या आजीबाईच्या पायांविषयी एकदाही बोललो नव्हतो.

आता जीविताच्या धोक्याविषयी. बेसाल्टच्या तीव्र उतारावर पडलेले पाणी जमिनीत मुरत नाही. ते तत्काळ ओढ्यात उतरते. खाली ऊन असताना माथ्यावर सर आली, तरी ओढा काही मिनिटांत फुगतो. जुलै २०२१ मध्ये एका रविवारी खारघरच्या डोंगरात फिरायला गेलेले ११६ जण ओढ्याच्या पाण्यामुळे अडकले होते. त्यांत ७८ स्त्रिया आणि ५ मुले होती. अग्निशमन दलाने त्यांना बाहेर काढले. पांडवकडा धबधब्याच्या परिसरात याआधी अनेकांचे प्राण गेले आहेत, म्हणून पावसाळ्यात तेथे जाण्यास मनाई केली जाते. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. सायकलमुळे दरड कोसळते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पावसात डोंगराची माती किती अस्थिर असते, एवढेच ध्यानात घ्यावे. मनाईचा फलक हा शासनाने बांधून दिलेला चातुर्मासच समजावा. तो ओलांडणाऱ्याला वाचवण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी पाण्यात उतरावे लागते.

आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या उपयोगासाठी वर्षाचा क्रम थोडक्यात सांगतो. पुतण्याच्या अनुभवातून आणि माझ्या वाचनातून तो जुळवला आहे.

ज्येष्ठात, मृगाच्या सुमारास, पहिल्या सरी येतात. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख ११ जून आहे. उन्हाळाभर साचलेली धूळ पहिल्या पाण्याने निसरडी होते. मखमली मृगाचे किडे आणि वळवळणारे वाणी याच दिवसांत जमिनीवर येतात. जमीन सर्वाधिक सजीव असते ती आत्ताच. म्हणून वाट येथेच सोडावी.

आषाढ आणि श्रावणात मातीच्या वाटांवर सायकल नेऊच नये. खडकाळ पठारावरून गेलो तर माती बिघडणार नाही, असे काहींना वाटते. पण त्या कातळावर शेवाळ धरलेले असते. आपल्या शास्त्राने तेथे अनंत जीव सांगितले आहेत, आणि तेथे सायकल घसरली तर हाडही मोडते. एकाच गोष्टीने दोन्ही कारणे दिली आहेत.

भाद्रपद आणि आश्विनात ऊन-पावसाचा खेळ चालतो. वाट वरून वाळलेली दिसते, आत ओलच असते. गवत कमरेइतके वाढलेले असते. त्यात फुरसे, घोणस यांसारखे साप असतात, आणि खड्डे दिसत नाहीत. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. परंतु तारीख पाहून निघू नये. आचारांगाची सूचना येथे अक्षरशः लागू पडते.

कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. माती घट्ट, हवा थंड, जीवजंतू कमी. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत माती भुसभुशीत होते, खडी सुटी होते आणि वणव्याचे भय असते. तेव्हा भल्या पहाटे जावे आणि वेग आवरावा.

वाट तयार आहे की नाही, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. डांबरी रस्ता जेथे संपतो तेथे उतरावे. टाचेने माती दाबावी. टाच रुतली, तर परतावे. टाच रुतली नाही, तर दहा पावले सायकल हाताने ढकलून मागे वळून पाहावे. चाकोरी उमटली असेल किंवा टायरला माती चिकटली असेल, तरीही परतावे. जोराच्या पावसानंतर मुरमाची वाट एक-दोन दिवसांच्या कडक उन्हात वाळते. सावलीतली, झाडीतली आणि चिकणमातीची वाट त्याहून कितीतरी अधिक दिवस घेते.

डबक्याचा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. जगभरचा नियम असा, की डबके टाळण्यासाठी कडेच्या गवतावर जाऊ नये; सरळ पाण्यातून जावे. पण त्या डबक्यात बेडकांची पिल्ले असतात. मग आपण गवतावरून जावे, की पाण्यातून? पुतण्याने हा प्रश्न मला मोठ्या उत्साहाने विचारला. काकांना पेचात पकडल्याचा आनंद त्यात होता. मी त्याला आगमातलेच उत्तर दिले. वाटेवर जीव, बीज, पाणी, चिखल असेल आणि दुसरी वाट उपलब्ध असेल, तर दुसऱ्या वाटेने जावे. दुसरी वाट म्हणजे गवतातून नवी पाडलेली नव्हे, आधीपासून असलेली. आपल्यासाठी ती डांबरी आहे. ज्या वाटेवर गवत आणि डबके यांतून निवड करावी लागते, त्या वाटेचा दिवस अजून उगवलेला नाही.

आणखी दोन लहान सूचना. सायकल घरी आणून नळीने धुण्याऐवजी, चाकाला लागलेली थोडीफार माती तेथेच वाळू द्यावी आणि मऊ ब्रशने तेथेच झाडावी. तिच्यातील जीव आणि बिया आपल्या डोंगरावर राहतात, पाणीही वाचते. एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकण्याचा दोष तेवढाच कमी. आणि चिखलात पडून खरचटले असेल, तर जखम साबणाने धुवावी. नंतर ताप आला तर अंगावर न काढता डॉक्टरांना चिखलाविषयी आवर्जून सांगावे. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोचे भय असते.

हे सारे मी एका स्नेह्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी हसून विचारले, “अहो, आपल्या मालाचे ट्रक रात्रभर पावसात घाटातून धावतात. त्यांच्या चाकांखाली काय काय येते? मग पोराच्या सायकलीचे एवढे काय घेऊन बसलात?”

प्रश्न बिनतोड आहे, आणि मी तो टाळणार नाही. गृहस्थाला महाव्रत नाही, अणुव्रत आहे. उपजीविकेसाठी जी हिंसा अटळपणे घडते, तिला आपल्या आचार्यांनी उद्योगी हिंसा म्हटले आणि ती जमेल तितकी कमी करण्यास सांगितले. पण त्याबरोबरच त्यांनी अनर्थदंडविरमण हे स्वतंत्र व्रत दिले. अनर्थदंड म्हणजे ज्यातून काहीच साधत नाही अशी हिंसा. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात याचा एक प्रकार प्रमादचर्या असा सांगितला आहे. माती, पाणी, अग्नी आणि वारा यांची निष्कारण उलथापालथ करणे, वनस्पती तोडणे, निष्कारण भटकणे आणि दुसऱ्यांना भटकवणे, हे सारे त्यात येते. चिखलात सायकल घालून केवळ तुषार उडवण्याची मौज, आणि तिची छायाचित्रे पाठवून मित्रांनाही बोलावणे, याचे याहून नेमके वर्णन मला सुचले नसते.

ट्रकचा प्रश्न मात्र यामुळे सुटत नाही. तो माझ्या खात्यावर शिल्लकच आहे, आणि संवत्सरीच्या प्रतिक्रमणात मला तो स्वतःलाच विचारावा लागेल. पण मोठे कर्ज फिटत नाही, म्हणून लहान कर्ज वाढवीत जावे, असा हिशेब आपल्या पेढ्यांवर कोणी करीत नाही.

काही तरुणांना वाटते, की डोंगर चार महिने बंद ठेवणे अव्यवहार्य आहे. त्यांना मी शत्रुंजयाकडे बोट दाखवतो. तीन हजारांहून अधिक पायऱ्यांचे ते महातीर्थ, लाखो भाविकांच्या श्रद्धेचे स्थान. आणि तरीही चातुर्मासात आपण त्याची यात्रा करीत नाही. कार्तिकी पौर्णिमेला यात्रा पुन्हा सुरू होते, तेव्हा पहाटेपासून हजारो पावले त्या पायऱ्यांवर असतात. जो समाज आपले सर्वांत प्रिय शिखर चार महिने सोडू शकतो, त्याला खारघरचा डोंगर सोडणे अवघड का जावे?

पुतण्याच्या मित्रांत चर्चा झाली, थोडी कुरबुरही झाली. एक जण अजून ऐकत नाही, तो जातो. बाकीच्यांनी ठरवले, की आषाढी चतुर्दशीपासून कार्तिकापर्यंत सायकली फक्त पक्क्या रस्त्यावर चालतील. सध्या रविवारी पहाटे ते पाम बीच मार्गावर जातात; पाऊस फार असेल तर घरी बसतात. सपाट रस्त्याचा कंटाळा येतो, असे पुतण्या कबूल करतो. मीही त्याला, कंटाळा येऊ नये, असे म्हणत नाही. ज्यात थोडेही सोडावे लागत नाही, त्याला व्रत कशाला म्हणायचे?

त्यांनी आणखी एक ठरवले आहे. पाऊस सरला की डोंगर चढून, पाड्यातील मंडळींना विचारून, त्या वळणावरच्या चाकोऱ्या बुजवायच्या. पाणी बाजूला वळवण्यासाठी वाटेवर तिरके दगड बसवायचे. हे काम सायकल न घेता करायचे. ते कितपत तडीस जाईल, हे कार्तिकात कळेल.

मातोश्रींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, “त्या बाईला नाव विचारलंत का?”

विचारले नव्हते.

पर्युषण आणि दशलक्षण पर्व जवळ आले आहे. आपण सर्व एकमेकांची क्षमा मागू. दूरच्या आप्तांना संदेश पाठवू. ज्यांच्या वाटेवरून आपण गेलो, त्यांना मात्र आपले संदेश पोहोचत नाहीत. त्यांच्यापुढे क्षमा मागण्याची रीत एकच, वाट वाळेपर्यंत थांबणे.

सर्व वाचकांना मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडम्, उत्तम क्षमा.